प्रदर्शनाला विषय कोणता घ्यावा? जो काही फोटो बाद करेल तो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूड-कर्वेनगर भागात तुमचा बावीस जणांचा फोटोग्राफी ग्रुप आहे. ‘निसर्ग’ आणि ‘आपलं पुणं’ अशी दोन प्रदर्शनं झाली. तिसरं १९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिनाच्या सुमाराला करायचं घाटतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकला, त्यात ‘पावसाळा’ पहिला, ‘रस्त्यावरचं जीवन’ दुसरा आणि ‘पक्षी’ तिसरा आला. शिवाय चार ज्येष्ठ सभासद म्हणतात, विषयाची भानगडच नको, ज्याचे त्याचे उत्तम दोन फोटो लावा. आता ठरवायचं कसं?

आधी तो पोल बंद करा. पोलमध्ये नेहमी तोच शब्द वर येतो ज्यावर कुणी हरकत घेत नाही. आणि हरकत न येण्याचं कारण बहुधा इतकंच असतं की त्या नावाचं एक फोल्डर प्रत्येकाकडे आधीपासून भरलेलं असतं. ‘पावसाळा’ ठरलं की कुणी कॅमेरा उचलत नाही, हार्डडिस्क जोडतात. ताम्हिणीचा धबधबा, सिंहगडावरचं धुकं, काचेवरचे थेंब, निखाऱ्यावरचं कणीस. फोटो चांगले असतीलही, पण ते प्रत्येकाच्या घरचे लोक आणि इन्स्टाग्रामवरचे मित्र बघून चुकलेत. तुमच्या आधीच्या दोन प्रदर्शनांचंही तेच झालं असणार असं मी न बघता सांगू शकतो. ‘आपलं पुणं’ या विषयाने कोणता फोटो बाद केला? लोणावळ्यात काढलेला. बस, तेवढाच.

निवड समित्यांवर बरीच वर्षं बसल्यावर माझी कसोटी एकच उरली आहे: विषयाने काही फोटो बाद केले पाहिजेत, आणि त्यात एखाद-दुसरा फार चांगला फोटोही जायला हवा. चांगला फोटो बाहेर ठेवताना जीव तुटत नसेल तर विषय अजून ढिला आहे. तपासून बघायची पद्धत सोपी आहे. ग्रुपमधलेच कुठलेही वीस फोटो चार बाय सहा इंचांचे प्रिंट करून टेबलावर पसरा. दोन सभासदांना वेगवेगळं बोलावून विचारा, या विषयात यातले कोणते बसतात? दोघांनी वीसच्या वीस उचलले तर विषय निरुपयोगी. दोघांच्या निवडीत काहीच जुळलं नाही तर विषय धूसर. पाच-सहा फोटो दोघांनीही उचलले आणि दोन-तीन फोटोंवर वाद झाला, तर पुढे जायला हरकत नाही.

यावर कुणीतरी मोठं उदाहरण काढेलच, म्हणून आधीच बोलतो. १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेननी ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन मांडलं. ६८ देशांतल्या २७३ छायाचित्रकारांचे ५०३ फोटो, आणि विषय काय, तर माणूस. जन्म, प्रेम, काम, भूक, मरण, सगळं. याहून पसरट विषय कोणता असणार? तरी ते जगभर फिरलं. पण तिथे निवडणारा हात एका माणसाचा होता, फोटोंच्या ढिगाऱ्यातून तो निर्दयपणे उचलत होता आणि कुणाला वाईट वाटेल याची त्याला फिकीर नव्हती. तुमच्या ग्रुपमध्ये अ‍ॅडमिनने देशपांडेकाकांचा सूर्यास्त नाकारला तर पुढच्या रविवारी चहाला निम्मे लोक येणार नाहीत. मोठ्या विषयाला कठोर निवडकर्ता लागतो. तो तुमच्याकडे नाही आणि असू नये, कारण हा मित्रांचा ग्रुप आहे. त्यामुळे निवडीचं अर्धं काम विषयानेच करून टाकलं पाहिजे. ‘काका, फोटो सुंदर आहे, पण विषयात बसत नाही’ हे वाक्य म्हणता आलं की मैत्री शाबूत राहते.

आता तारीख. ऑगस्टच्या मध्यावर प्रदर्शन म्हणजे प्रिंट आणि फ्रेमचं काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात द्यायला हवं, म्हणजेच निवड जुलैअखेर. पुण्यात पाऊस येतो साधारण १० जूनच्या आसपास, तोही आला तर. मधे उरतात सातेक रविवार. त्यातले एक-दोन पालखीत जातात, एखादा पाहुण्यांत. तेव्हा ऑगस्टमधलं ‘पावसाळा’ प्रदर्शन म्हणजे गेल्या वर्षीचा पावसाळा, हे मान्य करूनच चला. पाऊसच हवा असेल तर प्रदर्शन दिवाळीनंतर न्या. जून ते सप्टेंबर पूर्ण मिळतील, एडिटिंगला वेळ मिळेल, आणि प्रेक्षकही छत्री निथळत आत येणार नाहीत. जागतिक दिनाला प्रदर्शन केलंच पाहिजे असा काही नियम नाही.

आणि पाऊस घेतलात तर तो कापून घ्या. पुणेकराचा पाऊस धबधब्यात नसतो, तो ‘खडकवासल्यातून पाणी सोडलं’ या बातमीत असतो. हा विषय घ्या की! भिडे पूल पाण्याखाली गेला का, हे बघायला डेक्कनच्या बाजूला उभी राहिलेली माणसं. नदीपात्रातल्या रस्त्यावरून घाईघाईने हलवलेल्या गाड्या. ओंकारेश्वराच्या मागचं फुगलेलं पात्र. सिंहगड रस्त्याच्या बाजूला तर ही गंमत राहत नाही; जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांना घरातून बाहेर काढावं लागलं होतं. त्यामागे आणखी एक थर आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. ते आठवणारी माणसं आज ऐंशीच्या आसपासची आहेत आणि तुमच्या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी घरात आहेत. त्यांची पोर्ट्रेट, पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवताना, आणि शेजारी त्याच जागेचा आजचा फोटो. हा विषय धबधबा बाद करतो, थेंब बाद करतो, कणीस तर करतोच. मात्र एक गोष्ट ग्रुपवर ठणकावून सांगा: पाणी सोडलेलं असताना पात्रात उतरायचं नाही, पुलावर ट्रायपॉड लावायचा नाही. फोटोसाठी अग्निशमन दलाला कामाला लावू नका.

‘पक्षी’वर फार बोलत नाही. तुमच्यातल्या किती जणांकडे चारशे मिलिमीटरच्या पुढची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स आहे ते मोजा. पाच असतील तर ते पाच जणांचं प्रदर्शन होणार आणि बाकीचे सतरा खुर्च्या लावणार. शिवाय सगळे भिगवणला त्याच होड्यांतून त्याच रोहित पक्ष्यांपुढे जातात. नंतर भिंतीवर कोणता फोटो कुणाचा हे नावाच्या चिठ्ठीवरूनच कळतं. पक्षीवाल्यांनी वेगळं छोटं प्रदर्शन करावं, ते उत्तम होईल.

‘रस्त्यावरचं जीवन’ हा विषय म्हणून ऐकायला ऐटबाज, आणि मला सगळ्यात धोक्याचा वाटतो तोच. त्याचा सरळ अर्थ आपल्याकडे असा होऊन बसलाय की सुरकुतलेला म्हातारा, फुगेवाली मुलगी, फुटपाथवर झोपलेला माणूस, तिन्ही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांचे फोटो. तुमच्या सोसायटीच्या चेअरमनला झोपेत टिपून बारा बाय अठराचा प्रिंट लावून बघा, काय होतं ते. माणसं हवीतच, पण काम करणारी, तुमच्याकडे बघणारी, नाव माहीत असलेली. कसब्यात तांबट आळीत जा. तांब्याच्या भांड्यावरचं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून उठवलेली नक्षी, बघण्यासारखं आहे आणि कारागीर बोलतातही मोकळे. पण बाराजणांनी रविवारी सकाळी एकाच तांबटाला घेरायचं हा प्रकार बंद करा. एका सभासदाने एकच माणूस किंवा एकच दुकान घ्यायचं, किमान तीनदा जायचं, दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीचा प्रिंट हातात द्यायचा. तिसऱ्या वेळी जे फोटो मिळतात ते पहिल्या वेळी कुणालाच मिळत नाहीत. प्रदर्शनात लावू का, हेही तेव्हाच विचारा. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना. वारी आणि विसर्जन मिरवणूक यांबद्दल माझं मत विचाराल तर, पाच वर्षं कुणीच काढू नये. पण हे कुणी ऐकणार नाही, मलाही माहीत आहे.

पुणेरी पाट्या कुणी सुचवल्या तर त्याला चहा पाजून गप्प बसवा.

मग घ्यावं काय? मी तुमच्या जागी असतो तर ‘पायऱ्या’ हा विषय घेतला असता. ऐकायला कोरडा वाटतो, पण जरा शहर आठवून बघा. पर्वतीवर रोज पहाटे चढणारे आणि गुडघे धरून उतरणारे. चतुःशृंगी. नदीचे घाट, जिथे आता पायऱ्यांपर्यंत पाणी येत नाही आणि आलं तर आंघोळ करण्यासारखं नसतं. पेठेतल्या वाड्याचा काळोखा लाकडी जिना, धरायला वरून सोडलेला दोर. तो वाडा पाडल्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीतला जिना, जिथे लिफ्ट आल्यापासून फक्त सायकली आणि तुळशीच्या कुंड्या राहतात. भुयारी मेट्रोचे लांबलचक सरकते जिने आणि त्यांच्या तोंडाशी पदर सावरत थबकलेल्या आजी. गोदरेजचं कपाट पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून उतरणारे हमाल. मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर चपला राखत बसलेला मुलगा. कॉलेजच्या पायऱ्या तर विचारूच नका, निम्म्या पुण्याचं तारुण्य तिथे बसून गेलंय.

या विषयाचे गुण बघा. कोणत्याही वेळी काढता येतो. हिंजवडीत कामाला असलेल्याला रात्री दहा वाजता सोसायटीच्या जिन्यातही फोटो मिळेल. निवृत्त माणूस मंगळवारी दुपारी वाड्यात जाईल. लांब लेन्स लागत नाही, मोबाइल चालतो. माणसं असलेला फोटो चालतो, नुसत्या रेषा आणि सावल्याही चालतात, त्यामुळे ग्रुपमधले डॉक्युमेंटरीवाले आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टवाले एकाच भिंतीवर येतात. आणि बाद तर धडाधड करतो. एकच गोष्ट धरून बसल्याने काय होतं ते बघा. जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेशर या छायाचित्रकार जोडप्याने आयुष्यभर पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळसाखाणींचे मनोरे समोरून, ढगाळ उजेडात काढले आणि ओळीने लावले. एक टाकी बघून कुणी थांबलं नसतं. शेजारी-शेजारी लावल्यावर प्रत्येकीचा तोंडवळा वेगळा दिसायला लागतो. तुमच्यातल्या एखाद्या चिकाटीच्या सभासदाला नऊ वाड्यांचे नऊ जिने, एकाच उंचीवरून, याच कामाला लावा.

मे महिन्यात काम सुरू करणार असाल तर सावल्यांचा खेळ लक्षात घ्या. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो. पायऱ्यांना पायऱ्या म्हणून दाखवते ती प्रत्येक पायरीची सावली, आणि ती या दिवसांत दुपारी नाहीशी होते. पर्वती नुसती उतरण दिसते. साडेसातच्या आत जा, नाहीतर साडेपाचनंतर. वाड्याच्या जिन्यात उलटी अडचण असते: एका झरोक्यातून उजेड, बाकी मिट्ट. तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, उजेडाच्या जागेवरून धरा आणि काळोख काळोखच राहू द्या. एचडीआर करून, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करून, कोपरान्‌कोपरा उजळवलेला वाडा हा इस्टेट एजंटचा फोटो होतो. मेट्रो स्थानकात ट्रायपॉड किंवा मोठा कॅमेरा काढायच्या आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. ड्रोनचा विचार मनातही आणू नका. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, शहरात आणि भोवती लष्कराच्या जागा आहेत.

‘उत्तम दोन फोटो’वाल्या ज्येष्ठांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांना वाटतंय की विषयाच्या नावाखाली साधारण फोटो लागतील आणि त्यांचा जन्मभराचा चांगला फोटो घरी राहील. असं होतंही. पण त्यांना घेऊन एकदा हॉलवर जा आणि टेप लावा. बालगंधर्वचं कलादालन असो की घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन, कुठेही आधी भिंत रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीत मोजायची, मग फोटो मोजायचे. समजा वापरण्याजोगी भिंत १०० फूट आहे, म्हणजे १२०० इंच. बारा बाय अठराचा आडवा फोटो, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माउंट-फ्रेम धरून २२ इंच, मधे १० इंच मोकळी जागा, म्हणजे एकामागे ३२ इंच. फोटो बसले ३७. तुम्ही बावीस जण, प्रत्येकी दोन म्हणजे ४४. बसतच नाहीत. मग दोन ओळी कराव्या लागतात, वरची ओळ मान वर करून बघायची आणि खालची वाकून. फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर हवा, ही साधी गोष्ट दोन ओळींत पाळता येत नाही. आता तेच फोटो उभे असले तर एकामागे २६ इंच, आणि भिंतीवर ४६ बसतात. पायऱ्या बहुतेक उभ्याच फ्रेममध्ये येतात. मी विषय सुचवताना हे डोक्यात होतं, लपवत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी एक हिशोब. बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, प्रमाण ४:३. बारा बाय अठरासाठी ३:२ करायला तो कापावा लागतो. लांब बाजू १८ इंचांवर पसरली की इंचाला २२२ पिक्सेल पडतात. हातभर अंतरावरून बघायला पुरे. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होऊन येतो. मूळ फाइल ड्राइव्हवरच घ्या. काढतानाच कडेला थोडी जागा सोडायला सांगा, नाहीतर कापताना पहिली पायरी जाईल. प्रिंट मॅट घ्या. दालनातले दिवे तुमच्या हातात नसतात आणि चकचकीत कागदावर प्रेक्षकाला स्वतःचंच तोंड दिसतं.

बालगंधर्वमध्ये केलंत तर प्रेक्षकाचा विचार आधी करा. तिथे निम्मे लोक नाटकाला लवकर पोचले म्हणून आत डोकावतात. त्यांना दारातच कळलं पाहिजे की इथे काय आहे. ‘अंतर्मनाचे प्रतिबिंब’ असलं नाव असेल तर ते दारातूनच परत वडापावकडे वळतील. ‘पायऱ्या’ वाचून मात्र माणूस म्हणतो, पायऱ्या? त्यात काय बघायचंय? आणि आत येतो. फोटोखाली जागा, महिना आणि जमलं तर एक ओळ माहिती द्या. चारोळी लिहू नका. फोटोखाली चारोळी असली की लोक चारोळी वाचतात आणि फोटोवरून नजर फिरवून पुढे जातात. ग्रुपमध्ये कवी असेल तर त्याला उद्घाटनाला बोलू द्या.

ठरवायची पद्धत अशी ठेवा. ज्याला विषय सुचवायचा आहे त्याने नुसता शब्द टाकायचा नाही, त्या विषयावर पंधरा दिवसांत नव्याने काढलेले पाच फोटो प्रिंट करून आणायचे. या अटीवरच निम्मे विषय गळतील. उरलेल्यांतून निवड तिघांनी करायची: एक अनुभवी, एक नवा सभासद आणि एक ग्रुपबाहेरचा, शक्यतो फोटोग्राफर नसलेला. चित्रकलेचे शिक्षक चालतील, एखादी वाचक गृहिणी तर फारच छान. त्यांना लेन्स कोणती हे सुचत नाही, फोटो कंटाळवाणा आहे हे सुचतं. विषय ठरला त्या तारखेनंतर काढलेलेच फोटो घ्यायचे, हा नियम लेखी करा. जुन्या फोटोंसाठी हवी तर आत एक छोटी भिंत ठेवा, आठ-दहा फोटोंची, ज्येष्ठांसाठी. तेही विषयातलेच. मधे किमान दोनदा भेटा आणि कच्चे प्रिंट समोर ठेवा, म्हणजे सगळे एकाच जिन्यावर चढलेत का ते वेळेत कळेल. आणि ‘पायऱ्या’च घेतलंत तर पर्वतीचे फोटो जास्तीत जास्त चार, हे पहिल्याच मीटिंगमध्ये जाहीर करा, नाहीतर निवडीच्या दिवशी तेवढ्या एका मुद्द्यावर दोन तास जातील.